तांबडी रेघ

मुळीक मॅडमची भाकरी अर्धी खाऊन झाली होती, तेवढ्यात फोन वाजला. मदुराईचा नंबर बघून त्यांनी डब्यावर झाकण ठेवलं. धनाजी हसब्यांचं बोलणं जेवता जेवता ऐकण्यासारखं कधीच नसायचं.

"मॅडम, जेवताय काय? जेवा, जेवा," धनाजी म्हणाला आणि लगेच त्यांचं जेवण मोडलं. "एवढंच इचारायचं हुतं, रेवाची रेघ परत तांबडी झालीया. मघापास्नं बघतोय. पोरगीला तरास हुतोय वो."

"त्रास नाही, धनाजीराव. गणित सोडवतेय ती."

"गणितानं एवढं तांबडं हुतंय व्हय? बाकीच्या पोरांचं तर हिरवंगार असतंय म्हणं."

"मी बघते," मॅडम म्हणाल्या. हे वाक्य त्या दिवसातून इतक्या वेळा म्हणायच्या की त्याचा अर्थ कधीच झिजून गेला होता.

वैजयंता मुळीक विट्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात अठ्ठावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होत्या. म्हणजे, शिकवत होत्या असं आपलं म्हणायचं. गेली काही वर्षं त्या 'पूर्वतयारी समन्वयक' होत्या, आणि समन्वयकानं करायचं काय, तर खुर्चीत बसून पडद्यावर वर्गभरातल्या मुलांच्या रेघा बघायच्या. गुडघे दुखत असल्यामुळे सुरुवातीला ही बैठी नोकरी त्यांना बरी वाटली होती. आता गुडघे दुखायचे ते दुखतच होते, वर दिवस संपता संपत नव्हता.

ही रेघ कसली, ते आधी सांगायला हवं.

माणसाचं डोकं एखाद्या गोष्टीपाशी अडलं की कपाळामागच्या भागात मेंदूची एक संथ लहर जोर धरते. तिला थीटा म्हणतात. शास्त्रज्ञांना ती फार पूर्वीपासून माहीत होती, पण ती मोजायला डोक्याला चिकट लेप लावून वायरींचं जंजाळ अडकवावं लागायचं. मग पातळ कापडात विणता येणारे संवेदक निघाले आणि हे सगळं एका कपाळपट्टीत मावलं. मुलानं पट्टी बांधून टॅबवर प्रश्न सोडवायला घेतला, की त्याच्या डोक्याची रेघ पडद्यावर उमटते. गाडी सुरळीत चालली असेल तर हिरवी, अडखळायला लागली की पिवळी, आणि पुरती अडली की तांबडी. रेघ पिवळी झाली की टॅब आपणहून मदत करतो. एखादी पायरी सुचवतो, एखादं सूत्र पुढे ठेवतो. त्याला सगळे टेकू म्हणतात. टेकू मिळाला की मुलगा पुढे सरकतो आणि रेघ परत हिरवी होते.

यात वाईट काही नव्हतं. पहिल्या वर्षी टेकू चांगला चार-पाच मिनिटांनी यायचा. कारण मेंदूची रीतच अशी आहे, की अडलेल्या जागेतून तो स्वतः धडपडत बाहेर आला तर ती वाट त्याच्या लक्षात राहते. दुसऱ्यानं हात धरून बाहेर काढलं तर माणूस बाहेर येतो, वाट मात्र तिथेच राहते. पट्टी बनवणाऱ्यांना हे चांगलं माहीत होतं. पण त्यांनी कौतुकानं एक सोय जास्तीची दिली. मुलाची रेघ पालकांच्या मोबाइलवर दिसायला लागली.

आणि विटा भागातले पालक म्हणजे काय विचारता! इथली घरंच्या घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात. गलाईवाले म्हणतात त्यांना. बाप मदुराईला, चुलता कटकला, मामा अमृतसरला, आणि शिकायची पोरं इथं कुणाच्या तरी घरी. इतक्या लांबून पोरांचं काय दिसणार? दिसायची ती ही रेघ. ती तांबडी झाली की कुठल्या तरी राज्यातल्या भट्टीपुढचा माणूस हातातलं काम टाकून कॉलेजात फोन लावायचा. फोन घेता घेता कॉलेजच्या नाकी नऊ आले. टेकू तीन मिनिटांवर आला, मग दोन, मग अर्ध्या मिनिटावर. वर्ग हिरवागार झाला आणि फोन थांबले.

मग विद्यापीठांनी गुणपत्रिकेसोबत या रेघांचा दोन वर्षांचा आलेख मागायला सुरुवात केली. पहिल्या तुकड्यांमध्ये ज्यांची रेघ जास्त हिरवी ती मुलं पुढेही चमकली होती, तेव्हा हिरवं म्हणजे हुशार असा हिशेब त्यांनी मांडला. त्या वेळी तो बरोबरही होता. तो जाहीर झाल्यावर मात्र जो तो हिरवं करण्याच्या मागे लागला, आणि मग हिरव्या रेघेतून कुणाची हुशारी दिसत होती ते देव जाणे.

अख्ख्या कॉलेजात एकटी रेवा हसबे टेकू घेत नव्हती. टॅबवर टेकू आला की ती 'नको' दाबायची आणि तांबडी होऊन बसायची.

"हे किती दिवस चालायचं, मॅडम?" प्राचार्य तारळेकरांनी विचारलं. ते तसे मनानं चांगले गृहस्थ. पण फाटकावरच्या फलकावर 'शंभर टक्के हिरवा वर्ग' असं लिहायचं त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि त्यात ही अकरावीतली पोर आडवी आली होती. "सत्र संपायच्या आत तिला आधारवर्गात टाकू या."

आधारवर्ग म्हणजे सोप्या विषयांचा वर्ग. तिथे भौतिकशास्त्र नाही, गणित नाही. तिथे गेलेल्या मुलाला विद्यापीठात विज्ञान घेता येत नाही, आणि गेलेला मुलगा परत येत नाही.

"तिचे गुण काही वाईट नाहीत, सर."

"गुण कोण बघतंय? आलेख बघतात. असल्या आलेखावर तिला कुठं प्रवेश मिळणार आहे? आणि वडिलांचाच आग्रह आहे. जत्रेला येतायत ते. त्यांची संमती आणि तुमची शिफारस, दोन सह्या झाल्या की विषय संपला."

मॅडमना भांडायचं होतं. पण भांडायलाही अंगात काहीतरी लागतं. "बघते," म्हणून त्या उठल्या.

दुपारच्या अभ्यासिकेत त्या बऱ्याच दिवसांनी खुर्ची सोडून मुलांच्यामधून फिरल्या. सगळी मुलं पट्ट्या बांधून टॅबवर वाकली होती आणि टॅब थोड्या थोड्या वेळानं हलकेच टुणटुणत होते. टुण झालं की मूल मान हलवायचं आणि लिहायला लागायचं. रेवा खिडकीजवळच्या बाकावर वेणीचं टोक चावत बसली होती. पुढ्यात अकरावीतला नव्हे, बारावीतला प्रश्न होता. एक पोकळ नळी आणि एक भरीव दांडा. दोन्हींचं वजन सारखं, बाहेरून जाडी सारखी. उतारावरून एकदम सोडले तर आधी खाली कोण पोचेल?

मॅडम काही बोलायच्या आत तिचा टॅब थरथरला. पालकांना मुलाशी केव्हाही बोलता आलं पाहिजे, ही पट्टीच्या कार्यक्रमाची अटच होती. रेवानं कानात इअरफोनचं बोंड घातलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"पप्पा! काय नाही, अडलंय. सांगू? एक नळी आहे बघा, आणि एक दांडा. नाही, वजन सारखंच आहे. जड-हलकं काही नाही. मग कोण आधी पोचेल, सांगा. हं? का पण? अहो, का ते सांगा की!" ती हसली. "नळीचं सगळं वजन कडेला असतंय ना पप्पा. दांड्याचं आतपर्यंत भरलेलं. म्हणजे नळीला नुसतं गोल फिरायलाच... थांबा हं. थांबा."

तिनं पेन उचललं. तांबडी रेघ पिवळी झाली, आणि मग हिरवी. टेकूशिवाय.

"कळलं, पप्पा. दांडा आधी. जेवलात? मम्मी काय करतेय?"

पुढचं बोलणं भाजीचं आणि धाकट्या भावाच्या दातांचं होतं. मॅडम तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. फोन संपल्यावर त्यांनी शेजारी टेकत विचारलं, "टेकू का घेत नाहीस गं?"

रेवानं आजूबाजूला बघितलं. "कुणाला सांगणार नाही ना?"

"नाही."

"हिरवं असलं की पप्पा फोन करत नाहीत."

मॅडमना पटकन उलगडा झाला नाही. रेवानं मग नीट सांगितलं. पूर्वी ते रोज करायचे. पट्टी आल्यावर म्हणायला लागले, हिरवं दिसतंय म्हणजे पोरगी बरी आहे, उगाच अभ्यासात कशाला मोडता घालायचा. मग चार दिवसांनी, मग आठवड्यानं. आत्याकडे सगळं व्यवस्थित होतं, पण आत्या म्हणजे पप्पा नव्हे. एकदा एक प्रमेय सुटेना म्हणून ती टेकू नाकारून बसली, आणि पाचव्या मिनिटाला त्यांचा फोन. "खोटंखोटं अडता येत नाही मॅडम, पट्टीला कळतं. खरंच अडावं लागतं. म्हणून मी पुढचं, अवघड अवघड शोधून काढते." मग ती घाईनं म्हणाली, "पप्पांना तर अजिबात सांगू नका. शप्पथ."

मॅडमनी मान हलवली. त्या आपल्या खुर्चीत परत आल्या. बाप मुलीच्या त्रासापायी तिला विज्ञानातून काढायला निघाला होता, आणि मुलगी बापाच्या आवाजापायी तो त्रास ओढवून घेत होती. दोघांनाही एकमेकांचं ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात निहार गायकवाड आला. दोन वर्षांपूर्वी फाटकावरच्या फलकावर याच निहारचा फोटो होता. त्याच्या आलेखात औषधालासुद्धा तांबडं नव्हतं. एका मोठ्या विद्यापीठात त्याला हसत हसत प्रवेश मिळाला होता. आता तो वडिलांच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये बसत होता, आणि कुठल्याशा दाखल्याच्या निमित्तानं आला असला तरी दाखला घेऊनही व्हरांड्यातच घुटमळत होता.

"बस," मॅडम म्हणाल्या. "काय झालं तिकडं?"

"काही नाही झालं, हीच गंमत आहे." निहार खाली बघत बोलत होता. "पहिल्याच आठवड्यात सरांनी एक प्रश्न दिला आणि म्हणाले, आठ दिवस विचार करा. तिकडे पट्टी नाही, टॅब नाही. मी खोलीत जाऊन बसलो. थोड्या वेळानं डोकं जड झालं. छातीत धडधडायला लागलं, हाताला घाम. मला वाटलं, आजारी पडलो. मॅडम, मी दवाखान्यात गेलो. खरंच गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि विचारलं, हे सुरू झालं तेव्हा काय करत होतास? म्हटलं, गणित. त्या म्हणाल्या, मग तुला काही झालेलं नाही बाळा, तू अडलायस."

मॅडम हसल्या नाहीत. निहारही हसला नाही.

"शेजारच्या खोलीत एक मुलगा होता, बिनपट्टीच्या शाळेतला. त्याचंही अडायचं. तो शिव्या घालायचा, चहा मारून यायचा आणि परत बसायचा. मी त्याला विचारलं, हे तू कसं करतोस? त्याला प्रश्नच कळेना. म्हणाला, कसं म्हणजे? अडलं तर अडलं." निहारनं दाखल्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. "मला ते कुणी शिकवलंच नव्हतं. दोन सत्रं काढली कशीबशी. मग आलो घरी."

"मॅडम, तुम्हाला हे माहीत होतं का?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मॅडमना बरं वाटलं असतं. थोडा वेळ बसून तो गेला.

पट्टी यायच्या आधी मॅडमची एक रीत होती. त्या फळ्यावर प्रश्न लिहायच्या, एखाद्या मुलाला खडू द्यायच्या आणि स्वतः पहिल्या बाकावर जाऊन बसायच्या. मुलगा खोळंबून उभा राहायचा, वर्ग फिदीफिदी हसायचा, मॅडम पुढच्या तासाची घंटा होईपर्यंत गप्प बसून राहायच्या. निम्म्या वेळा उत्तर यायचं नाही. दुसऱ्या दिवशी परत तोच मुलगा, तोच प्रश्न. मुलं त्यांना चिकट म्हणायची. त्या दुपारी मॅडमना त्या बाकाची फार आठवण आली. पण तेव्हा गुडघे शाबूत होते आणि कुणाचा बाप मदुराईहून बघत नव्हता, असं स्वतःला सांगून त्यांनी पडदा पुढे ओढला.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी धनाजी आला. कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळाला पालखीचा गुलाल, हातात मुरुक्कूचा, म्हणजे तिकडच्या चकल्यांचा, भला मोठा पुडा. तारळेकरांनी संमतीचा कागद टेबलावर काढून ठेवला होता.

"द्या पेन," धनाजी म्हणाला. "मला काय शिक्षणातलं कळत न्हाई सर. पर पोरगी सुखात असावी. तिकडं भट्टीपुढं मोबाइल उभा करून ठेवतो मी. तांबडं झालं की जीव नुसता थोडा थोडा हुतोय."

"सही करायच्या आधी जरा माझ्याबरोबर या," मुळीक मॅडम म्हणाल्या.

"आता कशाला, मॅडम?" तारळेकर कुरकुरले. पण धनाजी उठला होता.

मॅडमनी त्याला अभ्यासिकेच्या दाराशी उभं केलं. रेवाची पाठ अर्धवट त्यांच्याकडे होती. तिला बाप कॉलेजात आलाय याचा पत्ता नव्हता. धनाजीच्या हातातल्या मोबाइलवर रेघ पिवळी झाली, आणि बघता बघता तांबडी.

"आली!" तो कुजबुजला आणि त्याचा अंगठा सवयीनं फोनकडे गेला.

"थांबा. मोबाइल नको, तिच्याकडे बघा."

धनाजी बघायला लागला. रेवा वेणीचं टोक चावत होती. पाय हलवत होती. कागदावर काहीतरी काढलं, खोडलं, मान तिरकी करून बघितलं. मग स्वतःशीच ओठ मुडपून हसली, जणू कुणी तिची खोडी काढली होती.

"ही... तांबडी हाय आत्ता?"

"हो."

"मला वाटायचं रडत असंल." त्यानं मोबाइल खाली घेतला. "एवढं तांबडं म्हंजे रडतच असंल असं वाटायचं, मॅडम."

तो तिथून हललाच नाही. बऱ्याच वेळानं रेघ आपणहून खाली उतरली आणि रेवानं हात वर ताणून आळस दिला. धनाजीनं गुलालासकट चेहरा रुमालानं पुसला. मधे दोन-तीनदा रेवानं टॅबकडे मान वळवून बघितलं होतं. ते फक्त मॅडमच्या लक्षात आलं.

"न्हाई सर," कार्यालयात येऊन धनाजी म्हणाला. "ऱ्हाऊ द्या तिला हितंच. माझी सही न्हाई."

तारळेकरांनी कागद खणात टाकला आणि मॅडमकडे असं बघितलं, की मॅडमनी मुरुक्कू घेतलाच नाही. पण त्या दिवशी त्या घरी गेल्या त्या वेगळ्याच पावलांनी. किती दिवसांनी त्यांच्या हातून एखादी गोष्ट धड झाली होती.

ती धड झाली नव्हती, हे कळायला फार वेळ लागला नाही.

धनाजी मदुराईला परतला तो निर्धास्त होऊन. रेवाची रेघ तांबडी झाली तरी आता त्याला तिचं ते मुडपलेलं हसू दिसायचं, आणि तो कामाला लागायचा. टॅब थरथरेना. रेवानं काही दिवस वाट पाहिली. तांबडी होऊन बसली, टॅबकडे बघत राहिली. आणि एका दुपारी पडद्यावर मॅडमना तिची रेघ सलग हिरवी दिसली. दुसऱ्या दिवशीही हिरवी. ती पहिल्या टुणला टेकू घेत होती, मान हलवत होती, लिहीत होती. वेणी पाठीवर मोकळी होती.

"बघा!" तारळेकर पेढे घेऊन आले. "वडिलांशी बोललात ते बरं झालं. सुधारली पोरगी."

मॅडमनी पेढा हातात धरून ठेवला. तो तोंडात घालवेना. आपणच बापाची काळजी मिटवली आणि आपणच पोरीला निहारच्या वाटेला लावलं, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि स्वतःचा फार राग येत होता.

"आता टेकू घेतेस?" त्यांनी रेवाला विचारलं.

"हो. आता पप्पांना काळजी वाटत नाही ना," रेवा म्हणाली. "बरंच झालं की, मॅडम." तिनं हसून दाखवलं. ते हसू बघून मॅडमनी ठरवलं, की शब्द मोडायचा.

त्यांनी स्वतः मदुराईला फोन लावला. मागे भट्टीच्या पंख्याचा घोंगाट होता. मॅडमनी सगळं सांगितलं. फोनचं, तांबड्याचं, शपथेचं. बोलणं संपलं. मग पंखा बंद झाल्याचा आवाज आला.

"म्हंजे मी फोन करावा म्हणून ती अडून बसायची?"

"हो."

"आन मी तिला वर्गातनं काढायला निघालो हुतो." तो म्हणाला. "मग आता काय करू? तांबडं झालं की करत जाऊ?"

"नको. ती रेघ मोबाइलवरून काढूनच टाका, धनाजीराव."

"काढू?" तो घाबरून म्हणाला. "मग मला दिसणार कसं?"

"तिला विचारायचं. रोज दुपारी तुमची भट्टी निवते तेव्हा फोन करा. हिरवं असो, तांबडं असो. काय अडलं ते विचारा, नाही अडलं तर काय जेवलीस ते विचारा."

"जड जाईल वो मॅडम. तेवढंच तर हाय डोळ्यापुढं."

"जड जाणार आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांच्याजवळ गोड बोलण्याइतकी ताकद उरली नव्हती, आणि धनाजीला बहुतेक ते बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत रेवाचा टॅब थरथरायला लागला. पहिल्यांदा फोन आला तेव्हा तिनं टॅबवरची हिरवी रेघ बघितली आणि गोंधळून विचारलं, "पप्पा, काय झालं?" बोलणं संपल्यावर तिनं मॅडमकडे रोखून पाहिलं. शपथ मोडल्याचं तिला समजलं होतं. आठवडाभर ती त्यांच्याशी धड बोलली नाही. मॅडमनी तेही सोसलं. त्यांनी आपल्या अधिकारात रेवाचा टेकू बंद केला, आणि रोज तिच्या शेजारी बाकावर जाऊन गप्प बसायला लागल्या. पाच-सहा दिवसांत मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, माझा पण बंद करा की." का म्हणून विचारलं तर त्याला सांगता येईना. हळूहळू आणखी दोघीतिघी आल्या. पडद्यावर मधूनमधून तांबडं उगवायला लागलं आणि कार्यालयात फोन खणखणायला लागले. मॅडम एकेकाला तेच तेच सांगत राहिल्या. गुडघ्यांनी मात्र असहकार पुकारला होता.

सत्राच्या शेवटी तारळेकर हातात पत्रक घेऊन धावत आले. "मॅडम, विद्यापीठं पुढच्या वर्षापासून आलेखात तांबडंही बघणार आहेत! पहिल्या वर्षात मुलं गळतायत म्हणे. आता आपल्या सगळ्या मुलांना थोडं थोडं तांबडं करता येईल का? म्हणजे ठराविक वेळ, सगळ्यांना सारखं?"

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. हसावं की रडावं हे ठरवायचाही त्यांना कंटाळा आला. "बघते," त्या म्हणाल्या.

त्या दुपारी त्यांनी डबा उघडला आणि फोन वाजला. मदुराई. सवयीनं त्यांनी झाकण लावलं.

"मॅडम," धनाजीचा आवाज चमत्कारिक येत होता. "तिनं फोन ठेवला."

"कुणी?"

"रेवानं. आत्ता. मी म्हटलं, काय करतीयास? तर म्हणाली, पप्पा, नंतर बोलूया, एक अडलंय. आन ठेवलाच की वो! माझा फोन. आजवर कधी तिनं माझा फोन ठेवला न्हाई."

मॅडमनी दारातून अभ्यासिकेकडे नजर टाकली. सगळी मुलं जेवायला गेली होती. खिडकीजवळच्या बाकावर रेवा एकटीच होती, वेणीचं टोक दातात धरून. टॅब पालथा घातलेला.

"वाईट वाटलं?" त्यांनी विचारलं.

"वाटलं की." मग तो परत म्हणाला, "लई वाटलं. मॅडम, तुमच्या पडद्यावर दिसत असंल न्हवं? तांबडी हाय का हिरवी, तेवढं सांगा की."

मॅडमनी पडद्याकडे बघितलं. मग पाठ फिरवली.

"सांगत नाही. उद्या तिलाच विचारा. जेवलात का?"

"न्हाई अजून."

"मग जेवून घ्या," मुळीक मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी आपला डबा उघडला.